सिनेमा संथ होता की दाजी दमले होते?

प्रिय मावशी,
मी २९ वर्षांचा आहे, अंबडला एका कारखान्यात डिझाइन विभागात काम करतो. विज्ञानपटांचं वेड शाळेपासूनचं. महिन्यातून एका शनिवारी रात्री आमच्या इंदिरानगरच्या घरी प्रोजेक्टर लावून आम्ही चौघं सिनेमा बघतो. मी, नाशिकरोडला राहणारे माझे दाजी आणि दोन मित्र. सिनेमा निवडायची पाळी प्रत्येकाकडे येते. माझी पाळी आली तेव्हा मी ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ लावला. आधी अर्धा तास त्याचं महत्त्व समजावून सांगितलं. वानरांचा भाग चालू असतानाच दाजींनी रिमोट घेऊन दहा-दहा सेकंद पुढे ढकलायला सुरुवात केली. पिंपळगावच्या मित्राची द्राक्षबाग आहे, तो सिनेमातलं यान अंतराळ स्टेशनला लागायच्या आत घोरायला लागला. तिसरा मोबाइलमध्ये. नंतर कॉलेज रोडला चहाला गेलो तेव्हा दाजी म्हणाले, ‘दहा मिनिटांची गोष्ट अडीच तास ताणलीये.’ मी म्हणालो, ‘यातली एक फ्रेमसुद्धा कुणी हलवू शकत नाही. तुम्हाला मारधाडच कळते, तुमची पातळीच तेवढी.’ दाजी काही न बोलता निघून गेले. तेव्हापासून ते आलेले नाहीत, फोनही तुटक. ताई म्हणते, सिनेमापायी माझ्या नवऱ्याची चारचौघांत लायकी काढलीस. तिने सिनेमाचा उत्तरार्धच तेवढा स्वयंपाकघराच्या दारातून पाहिला, आणि ते मशीन मरताना तिला भरून आलं म्हणे. दाजींना ‘इंटरस्टेलर’ आवडतो, ‘फ्युरी रोड’वर तर जीव आहे. मला सांगा, ‘२००१’ खरंच संथ आहे का? यांना कसं पटवू? की शनिवार बंदच करून टाकू?
— एक विज्ञानपटवेडा, इंदिरानगर

प्रिय विज्ञानपटवेड्या,

हो, ‘२००१’ संथ आहे. माझ्या फार आवडीचा सिनेमा आहे तो, तरीही संथ आहे. पडद्यावर कुणीतरी बोललेलं पहिलं वाक्य कानावर पडायला जवळपास २५ मिनिटं जातात, आणि शेवटच्या वीसेक मिनिटांत कुणीच काही बोलत नाही. आठवडाभर राबून शनिवारी रात्री चार घटका बसायला आलेल्या माणसाला हे जड गेलं, तर त्याचा बुद्धीशी काही संबंध नाही. दाजी तुला एवढंच सांगत होते की मला कंटाळा आला. तू ऐकलंस ते असं की तुझा लाडका सिनेमा टाकाऊ आहे. मग सिनेमाची बाजू घेता घेता तू माणसावर घसरलास.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात विचार करण्याजोगं वाटलं ते दाजींचंच वाक्य. दहा मिनिटांची गोष्ट! ते रागाने बोलले असतील, पण बोलले ते बरंचसं खरं आहे. या सिनेमाचं मूळ बीज म्हणजे आर्थर सी. क्लार्क यांची ‘द सेंटिनेल’ ही कथा, १९५१ साली छापून आलेली. छोटीशी आहे, एका बैठकीत सहज वाचून होते. चंद्रावर माणसाला एक वस्तू सापडते, ती कुणीतरी अनादि काळापूर्वी तिथे ठेवून गेलेलं असतं, आणि मग प्रश्न पडतो की ती कुणाच्या वतीने पहारा देत होती. बस, एवढंच. क्लार्क आणि दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी त्या कल्पनेवर अडीच तासांचा सिनेमा उभा केला. म्हणजे गोष्ट लहान आहे हे दाजींनी, कथा न वाचता, बरोबर ओळखलं. तू चहाच्या टपरीवर त्यांना ‘हो, खरंय’ म्हणाला असतास तर पुढची चर्चा किती रंगली असती.

आपल्यापैकी बहुतेकांना विज्ञानकथेची गोडी लागली ती कथांमधूनच. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. तेच नारळीकर २०२१ मध्ये आपल्या नाशिकला भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तब्येतीमुळे त्यांना येता आलं नाही याची मला आजही हळहळ वाटते. दिवाळी अंकातल्या विज्ञानकथेवर पोसलेल्या वाचकाला एक सवय लागलेली असते. कल्पना कळली, पेच पडला, शेवटी उलगडा झाला, पान उलटलं. ही सवय चांगली आहे, तिने आपल्याला विचार करायला लावलं. पण त्या सवयीने ‘२००१’ बघायला बसलं की मनात सारखं येत राहतं, कळलं बाबा, आता पुढे? दाजींचा अंगठा रिमोटवर गेला तो यातूनच.

आता तुझी बाजू. तू म्हणतोस की यातली एक फ्रेमसुद्धा हलवता येणार नाही. हे खुद्द कुब्रिकला मान्य नव्हतं. एप्रिल १९६८ मध्ये पहिले खेळ झाल्यावर त्याने स्वतः सिनेमातून सुमारे १९ मिनिटं कापली. आज आपण बघतो तो कापलेला सिनेमा. ज्याने तो बनवला त्यालाही प्रेक्षकांत बसल्यावर वाटलं की इथे जरा जास्त होतंय. मग प्रेक्षकाने तसं म्हटलं तर तो गुन्हा कसा? माझं विचारशील तर शेवटी शेवटी रंगांच्या बोगद्यातून जो प्रवास चालतो, तो मला अजूनही लांब वाटतो. त्यातली दोन-तीन मिनिटं गेली असती तर माझं काही बिघडलं नसतं.

पण ते यान स्टेशनला लागतं तो वॉल्ट्झचा, म्हणजे संथ युरोपियन नृत्यसंगीतावरचा, प्रसंग मात्र मी कुणाला कापू देणार नाही. पाचेक मिनिटं ते चाकासारखं फिरणारं स्टेशन, त्याच्याशी जुळवून घेत फिरणारं यान, आत झोपलेला प्रवासी आणि त्याच्या हातातून सुटून तरंगणारं पेन. ‘घडत’ काहीच नाही. तो सिनेमा लागला तेव्हा माणूस चंद्रावर उतरायला अजून सव्वा वर्ष होतं हे लक्षात घे. अंतराळात वस्तू कशी हलते, वजन नसलं की पेनाचं काय होतं, हे त्या प्रेक्षकांनी इतक्या निवांतपणे कधी पाहिलेलंच नव्हतं. त्यांच्यासाठी तीच घटना होती. नंतरच्या पन्नास वर्षांत आपण पडद्यावर इतकी यानं बघितली की आपल्याला ते पाहताना पुढचं काय याचीच घाई होते. म्हणजे तोच प्रसंग आज जास्त लांब वाटतो, फ्रेम तेवढ्याच असून. तुझ्या अर्ध्या तासाच्या प्रस्तावनेत नेमकं हे एकच सांगितलं असतंस तरी पुरलं असतं.

आणि एक गंमत सांगते, दाजींना नक्की आवडेल. त्याच संथ सिनेमात सगळ्या सिनेमाच्या इतिहासातली एक सर्वांत मोठी उडी आहे. वानर हाड हवेत भिरकावतो, हाड गरगरत वर जातं, आणि पुढच्या क्षणी पडद्यावर अंतराळयान. लाखो वर्षं एका कटमध्ये ओलांडली. दहा सेकंद पुढे ढकलायचं बटण वानरांच्याच भागात दाबलं गेलं असेल, तर दाजींचा हा क्षण हुकला असण्याची दाट शक्यता आहे. संपूर्ण सिनेमातली सगळ्यात वेगवान गोष्ट, आणि वेग हवा असलेल्या माणसानेच ती पाहिली नाही.

वेळ आवळायची आणि सैल सोडायची, ही करामत तर आपल्याकडे सिनेमा जन्मला तेव्हापासूनची आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी भांडवल उभं करण्यासाठी काय दाखवलं? कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते. ‘अंकुराची वाढ’. रोज थोडं थोडं चित्रण करून कित्येक दिवसांची वाढ त्यांनी पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे झरझर उलगडून दाखवली, आणि पैसेवाल्यांचा विश्वास बसला. पांडवलेण्यांच्या पायथ्याला त्यांचं स्मारक आहे, तिथून जाताना मला नेहमी तो वाटाणाच आधी आठवतो.

आता ‘मारधाड’. या एका शब्दापाशी मला तुझा राग आला. ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ हा २०१५ चा सिनेमा तू नीट बघितलाच नाहीस असं मला वाटतं. त्याला सहा ऑस्कर मिळाली, त्यातलं एक संकलनासाठी. दोन तासांत हजारो कट आहेत, आणि तरीही कोण कुठून कुठे चाललंय हे कुठेच हरवत नाही. ते कसं जमलं, तर महत्त्वाची गोष्ट जवळपास प्रत्येक शॉटमध्ये पडद्याच्या मधोमध ठेवलेली आहे. कट बदलला तरी आपल्या डोळ्यांना शोधाशोध करावी लागत नाही. संहितेऐवजी आधी हजारो चित्रं काढून तो सिनेमा रचलेला आहे. दिग्दर्शक जॉर्ज मिलर आणि संकलक मार्गारेट सिक्सेल यांनी वेगासाठी घेतलेली मेहनत कुब्रिकने संथपणासाठी घेतलेल्या मेहनतीपेक्षा तसूभरही कमी नाही. ज्या माणसाला तो सिनेमा मनापासून आवडतो, त्याला लय कळते. तू त्या रात्री त्यांना विचारायला हवं होतंस की त्यात तुम्हाला काय आवडतं. मला खात्री आहे, त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असेल.

आणि दाजींना ‘इंटरस्टेलर’ आवडतो असं तूच लिहिलंयस! त्यात त्या पाण्याच्या ग्रहावर काय धावपळ आहे. तिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, मागून डोंगराएवढी लाट, सगळे जिवाच्या आकांताने पळतायत. नंतर नायक कूपर यानात परततो तेव्हा २३ वर्षं उलटून गेलेली असतात, आणि मग तो काय करतो? एका खुर्चीत बसतो आणि घरून आलेले जुने निरोप बघतो. मुलगा मोठा होतो, त्याचं लग्न होतं, बाप नुसता बघत राहतो आणि रडतो. तिथे कॅमेरा कुठे धावतो? लोकांना त्या सिनेमातला कुठला प्रसंग आठवतो म्हणून विचार, दहापैकी निम्मे तरी हाच सांगतील असं मला वाटतं. दाजींना संथ प्रसंग चालतात, चांगले चालतात. फक्त त्याआधी त्यांच्या मनात काहीतरी पणाला लागलेलं असावं लागतं.

‘२००१’ ते पणाला लावतो, पण उशिरा. आणि तुझ्या ताईने पाहिला तो नेमका तोच भाग.

तिच्याविषयी तू पत्रात एकच वाक्य लिहून पुढे गेलास, म्हणून मी इथे थांबते. हॅल नावाच्या, यान चालवणाऱ्या त्या संगणकाने सोबतच्या माणसांचा जीव घेतलेला आहे. एकटा उरलेला अंतराळवीर बोमन त्याच्या मेंदूच्या लालभडक खोलीत शिरतो आणि त्याची स्मृती एकेक पट्टी करून बाहेर काढायला लागतो. आपल्याला ऐकू येतो तो बोमनचा शिरस्त्राणातला श्वास, आणि हॅलचा तो शांत, सभ्य आवाज. तो आधी समजूत घालतो. मग विनवतो. मग म्हणतो की मला भीती वाटतेय. पट्ट्या एक एक करून सरकत बाहेर येत राहतात, आवाज जड होत जातो, आणि शेवटी तो कुणीतरी त्याला शिकवलेलं गाणं म्हणायला लागतो, हळू, आणखी हळू. बटण दाबलं आणि मशीन बंद झालं, असं अर्ध्या मिनिटात दाखवलं असतं तर खुन्याला शिक्षा झाली म्हणून आपण सुटलो असतो. इथे त्याला मरायला वेळ दिला आहे, आणि त्या वेळातच आपल्याला त्याची दया येते. ‘हा सिनेमा संथ का आहे’ याचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते तुझ्या घरात स्वयंपाकघराच्या दारात उभं होतं. तिला कुणी बसायला जागाही दिली नव्हती, असं मला पत्रावरून वाटतंय. तुझी प्रस्तावना तिने ऐकली नव्हती. जगातला थोर सिनेमा आहे, न आवडला तर आपल्यात खोट, असा धाक तिच्यावर नव्हता.

संथपणा कधी खरोखरच फसतो, तेही सांगते, नाहीतर तुला वाटेल मी प्रत्येक लांबण खपवून घेते. १९७९ चा ‘स्टार ट्रेक: द मोशन पिक्चर’ घे. जुन्या मालिकेच्या चाहत्यांनी दहा वर्षं वाट पाहिली, आणि सिनेमात कॅप्टन आपलं यान बघायला जातो तेव्हा कॅमेरा त्या यानाभोवती कितीतरी वेळ फिरत राहतो. यान, कॅप्टनचा चेहरा, पुन्हा यान, पुन्हा चेहरा. पहिल्या मिनिटात जो भाव कळला त्यात पुढे भर पडत नाही. सिनेमा ठरलेल्या तारखेला लावायचाच होता, स्पेशल इफेक्ट्सची दृश्यं शेवटच्या क्षणी हातात आली, नीट कापायला वेळच उरला नाही. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज यांच्या मनाला ते इतकं लागून राहिलं की २००१ साली त्यांनी सिनेमा नव्याने संकलित केला. पण त्यातही बघ, दहा वर्षं वाट पाहिलेल्यांपैकी अनेकांना तोच प्रसंग जिव्हाळ्याचा वाटतो, त्यांना तो हवा तेवढाच लांब वाटतो. ज्याने वाट पाहिली नाही त्याला तो सोसत नाही. दोघंही खरं बोलतायत.

म्हणून पटवण्याचा नाद सोड. कंटाळा आलेल्या माणसाला तुला कंटाळा आलाच नाही असं पटवता येत नाही. त्याऐवजी विचार, कुठे आला? वानरांपाशी, यानापाशी, की गुरूच्या प्रवासात? त्या जागी पडद्यावर काय चाललं होतं आणि तुम्ही कशाची वाट बघत होता? असं विचारलं की चर्चा सिनेमावर राहते, आणि कधी कधी तूही म्हणशील की हो, इथे मीही मोबाइल बघितला होता.

पिंपळगावच्या मित्राचं तर बोलूच नकोस. छाटणीचे दिवस चालू असले तर तो माणूस पहाटेपासून बागेत असतो. मजूर, छाटलेल्या काड्यांना लावायची पेस्ट, वर पाऊस झाला की डाऊनी या बुरशीच्या रोगाची धास्ती आणि पुन्हा फवारणी. तो रात्री पिंपळगावहून इंदिरानगरला आला हेच पुष्कळ झालं. अंधार, गादी आणि वॉल्ट्झ, कुणालाही झोप लागेल. रात्री जेवून उशिरा अडीच तासांचा संथ सिनेमा लावण्याऐवजी संध्याकाळी सातला लाव. मध्ये थांबायचं तर सिनेमा जिथे थांबतो तिथेच थांब. ‘२००१’ला स्वतःचं मध्यंतर आहे, हॅल त्या दोघा अंतराळवीरांचे ओठ वाचतो आणि आपल्या पोटात गोळा येतो तिथे. त्या जागी दिवे लावून चहा दिला असतास तर चहा पिताना सगळे याच विषयावर बोलले असते.

दाजींना फोन करू नकोस, मेसेज तर नाहीच. नाशिकरोडला घरी जा. सिनेमाचा विषय काढू नकोस, ‘पण’ लावू नकोस. सरळ म्हण, ‘दाजी, त्या रात्री मी तुमची पातळी काढली, ते फार चुकलं.’ ते ‘सोड रे’ म्हणतील, बहुतेक मोठी माणसं असंच म्हणतात, आणि तुला वाटेल की झालं. तेवढ्यावर भागणार नाही. अपमान मित्रांसमोर झाला होता, तेव्हा पुढच्या वेळी चौघं जमलात की त्या दोघांच्या देखतही एकदा म्हण. तुझं सिनेमाबद्दलचं मत बदलायची मात्र काही गरज नाही. ‘२००१’ मोठा सिनेमा आहे, आणि तो तुला आवडतो याबद्दल मला तुझं कौतुक वाटतं.

शनिवार बंद करू नकोस. पुढची पाळी दाजींना दे, आणि ते ‘फ्युरी रोड’ म्हणाले तर मुकाट्याने नाही, उत्सुकतेने बस. त्यानंतरची ताईला. तिची खुर्ची हॉलमध्ये मांड, स्वयंपाक त्या दिवशी तुम्ही चौघांनी करा किंवा मिसळ मागवा. तारीख ठरवायच्या आधी पिंपळगावला विचार. बागेचं काम कधी आटोपतंय ते त्याला माहीत असतं, तुला नाही.

— तुझी मावशी